सोसायटीच्या सामाईक जागांचे नियम कसे बनवायचे: पार्किंग, जिना, गच्ची, सगळं टप्प्याटप्प्याने

बहुतेक सोसायट्यांत नियम असे बनतात: कुणाच्या तरी गाडीला ओरखडा पडतो, रात्री ग्रुपवर जुंपते, सकाळी सेक्रेटरी एक कागद टाईप करून लिफ्टमध्ये चिकटवतो, खाली "कमिटीच्या आदेशावरून", आणि मध्ये जाड अक्षरात दंड रु. १०००. पंधरा दिवस लोक बिचकून वागतात. मग कोणीतरी विचारतं, "हा ठराव कुठल्या सभेत झाला हो?" आणि कागदाची किंमत तिथेच संपते.

लोक ऐकत नाहीत ही तक्रार सगळीकडे असते, पण खरं दुखणं क्रमात असतं. दंड आधी ठरतो, जागा कोणी मोजतच नाही, आणि सभेत विषय येतो तो शेवटी, तोही "ऐन वेळचे विषय" मध्ये. खाली जो क्रम दिलाय तो महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थेसाठी आहे. टप्पे उलटसुलट करू नका, कारण प्रत्येक टप्प्याचा कागद पुढच्या टप्प्याला लागतो.

## टप्पा १: आधी कागद काढा

सगळ्यात पहिलं, आपली सोसायटी आहे की अपार्टमेंट हे बघा. हसू नका, पुण्यात तर निम्म्या बिल्डिंगींत लोकांना हे सांगता येत नाही. नोंदणी प्रमाणपत्रावर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० लिहिलं असेल तर सोसायटी, आणि डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचा नोंदणीकृत दस्त) झालेलं असेल तर महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट १९७० खालचं अपार्टमेंट. अपार्टमेंटमध्ये सामाईक जागेत प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा असतो आणि मतंही साधारणपणे त्या हिश्श्याच्या टक्क्यावर मोजतात, त्यामुळे पुढचं सभेचं गणित तुमच्या डीडमधून घ्यायचं, इथलं जसंच्या तसं उचलायचं नाही.

मग हे कागद एका फाईलमध्ये जमवा:

- नोंदलेले उपविधी (संस्थेच्या कारभाराचे मूळ नियम), म्हणजे सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयाचा शिक्का असलेली प्रत. दुकानात मिळणारं छापील पुस्तक नव्हे. कित्येक सोसायट्या अजून जुन्या उपविधींवरच आहेत आणि भांडताना २०१४ च्या आदर्श उपविधींचे, म्हणजे सरकारी नमुन्याचे, क्रमांक सांगतात. नवे स्वीकारल्याचा ठराव आणि मंजुरी असेल तरच ते तुमचे.
- महापालिकेने मंजूर केलेला नकाशा. बिल्डरच्या रंगीत ब्रोशरवर विसंबू नका.
- प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही. त्यात जुने ठराव सापडतात, आणि गंमत म्हणजे ज्या नियमावरून आज भांडण चाललंय तो बऱ्याचदा बारा वर्षांपूर्वीच पास झालेला असतो.
- पार्किंग वाटपाचं रजिस्टर, नसेल तर वाटपाची पत्रं.
- फायरचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला. तो लायसन्स असलेल्या एजन्सीकडून जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा घ्यायचा असतो.

मंजूर नकाशा का, तर ज्याला सगळे गार्डन म्हणतात ते नकाशात आरजी (रिक्रिएशन ग्राउंड, मोकळी ठेवायची जागा) असतं, ज्याला "एक्स्ट्रा पार्किंग" म्हणतात ती अग्निशमनाची गाडी वळायची जागा असते, आणि मधल्या मजल्यावरचा जो मोकळा हॉल टेबल टेनिसला चांगला वाटतो तो रेफ्यूज एरिया, म्हणजे आगीच्या वेळी लोकांनी थांबायची जागा, असतो. तिथे टेबल टेनिसचा नियम करायचा नसतो, तिथे काहीही न ठेवण्याचा नियम करायचा असतो.

सावधान: उपविधी वेगळे, नियम वेगळे. उपविधी बदलायचे तर सभेत हजर असून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश पाहिजेत आणि त्यावर निबंधकांची मंजुरी. रोजच्या वापराचे नियम, म्हणजे गच्ची किती वाजता बंद, हॉलचं भाडं किती, हे सर्वसाधारण सभा साध्या बहुमताने ठरवू शकते, पण ते उपविधींच्या विरुद्ध असून चालत नाहीत. उपविधी म्हणतात पार्किंग सभासदाला विकता येत नाही, आणि तुमचा नियम म्हणतो "परस्पर संमतीने विकता येईल", तर तुमचा नियम पहिल्याच तक्रारीत पडणार.

## टप्पा २: टेप घेऊन फिरा, दोनदा

नियम खुर्चीत बसून लिहायचे नाहीत. तिघंचौघं मिळून पूर्ण आवार फिरा. एक कमिटीतला, एक कमिटीच्या कायम विरोधात असणारा (हा हवाच, नाहीतर सभेत तो पहिला उठणार), एखादे ज्येष्ठ नागरिक आणि शक्य असेल तर बाबागाडी ढकलणारी एखादी ताई किंवा दादा. रॅम्पवर कुणी स्कूटर लावतं हे त्यांनाच माहीत असतं.

एकदा रविवारी सकाळी फिरा आणि एकदा रात्री साडेदहानंतर. सकाळी अर्ध्या गाड्या बाहेर असतात, त्यामुळे पार्किंगचा खरा हिशोब रात्रीच कळतो. वहीत चार रकाने आखा: जागा, नकाशात काय आहे, आज तिथे काय आहे, कोण वापरतं. माप लिहा, फोटो काढा, तारीख टाका.

काय काय सापडतं बघा. जिन्याच्या वळणावर चपलांचं कपाट, त्यावर कुंड्या, कुंड्यांमागे फायर होजचा लाल डबा, आणि डब्याचं दार कपाटाला अडून चार बोटंही उघडत नाही. मीटर रूममध्ये जुनं गणपतीचं मखर. पंपाच्या खोलीत कुणाची तरी गादी. गच्चीच्या दाराबाहेर मार्बलचे उरलेले तुकडे, दहा वर्षांपूर्वी रिनोव्हेशन झालेल्या फ्लॅटचे, त्यांचे मालकही आता दुसरे.

हे लिहिताना कुणाचं नाव घेऊन चर्चा करू नका, फक्त नोंद करा. यादीवर फिरणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घ्या. उद्या अतिक्रमणाची नोटीस द्यायची वेळ आली तर "कधीपासून" याचा पुरावा हीच वही असते.

तपासा: यादीतल्या प्रत्येक जागेसमोर "सामाईक", "वाटप केलेली" किंवा "वाद आहे" यातला एक शब्द आला का? वाद असलेल्या जागेवर नियम लिहायला बसू नका, आधी तिचा करारनामा आणि नकाशा ताडून बघा.

## टप्पा ३: मसुदा लिहा, जागेनुसार

प्रत्येक नियमाने चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत: कोण वापरणार, कधी, कुणाला विचारून, आणि मोडला तर काय. यातली एक जरी गाळली तरी तो नियम राहत नाही, सुविचार होतो. "गच्चीचा गैरवापर करू नये" हे वाक्य मी किती बोर्डांवर वाचलंय देव जाणे. गैरवापर म्हणजे काय? पापड वाळत घालणं की बिअर पार्टी? एकाच्या मते पहिलं, दुसऱ्याच्या मते दुसरं.

### पार्किंग

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, कारण ऐंशी टक्के डोकेदुखी इथलीच असते.

आधी जागा मोजा आणि रंगाने नंबर टाका, कार वेगळ्या, दुचाकी वेगळ्या. खांबांमधलं अंतर मोजूनच पट्टे मारा, कारण पट्टे मारून झाल्यावर कळतं की दार उघडायलाच जागा नाही. रॅम्प, गेट, पाण्याच्या टाकीची झाकणं, ट्रान्सफॉर्मर आणि फायरची गाडी यायचा रस्ता, इथे पिवळे तिरके पट्टे मारून "नो पार्किंग". टँकर जिथून पाईप टाकतो ती जागासुद्धा.

मग हक्काचा प्रश्न. ओपन पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, आणि स्टिल्टमधली (बिल्डिंगखाली खांबांमधली) जागा वेगळा फ्लॅट म्हणून विकता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात स्पष्ट केलेलं आहे. रेरा या बिल्डरांवरच्या कायद्यानंतरच्या प्रोजेक्टमध्ये झाकलेलं पार्किंग करारात लिहिलेलं असू शकतं, म्हणून करारनामे वाचल्याशिवाय "सगळ्यांचं पार्किंग काढून नव्याने वाटू" अशी घोषणा करू नका. कोर्टात जायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता आहे.

आदर्श उपविधींची दिशा साधी आहे: वाहन असलेल्या सभासदाला आधी एक जागा, सगळ्यांना एक मिळून उरली तरच दुसरी, तीही वर्षापुरती, आणि कुणा नव्या सभासदाची पहिली गाडी आली की ती सोडायची. जागा कमी आणि मागणारे जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. चिठ्ठ्या सर्वांसमोर, शक्यतो एखाद्या लहान मुलाच्या हाताने, आणि निकाल लगेच रजिस्टरमध्ये.

मसुद्यात हे मुद्दे विसरले जातात, म्हणून वेगळे सांगतो:

- भाडेकरूला पार्किंग कुणाच्या नावाने? मालकाला वाटप झालेली जागाच भाडेकरू वापरणार, मालकाची वेगळी आणि भाडेकरूची वेगळी असं नाही.
- पाहुण्यांची जागा किती तास? रात्रभर थांबणार असतील तर वॉचमनकडे गाडी नंबर आणि फ्लॅट नंबर लिहायचा. आणि पाहुण्यांच्या जागेत सभासदाने लावायची नाही, "फक्त पाच मिनिटं" सुद्धा नाही.
- बंद पडलेली गाडी. कव्हर घालून वर्षानुवर्षं उभी, चारही टायर बसलेले. तिच्यासाठी मुदत ठरवा आणि ती मसुद्यात आकड्यात लिहा.
- इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग. वायर कुठून येणार, मीटर कुणाचा, लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडून काम झालं का. सामाईक मीटरवरून एक्स्टेंशन बोर्ड टाकून चार्जिंग पूर्ण बंद, यात सवलत नाही.
- गाडी धुणं. पाईपने की बादलीने, आणि धुणाऱ्या पोऱ्याला पाणी कुठल्या नळाचं.

सावधान: चुकीच्या जागी लावलेल्या गाडीची हवा काढायची नाही, आरसा वाकवायचा नाही. नुकसान केलं की तक्रारदार आरोपी होतो. फोटो, काचेवर चिठ्ठी, रजिस्टरमध्ये नोंद, बस.

### जिना, पॅसेज, लिफ्ट, लॉबी

इथे नियम एका ओळीचा ठेवा: काहीही ठेवायचं नाही. "नीट ठेवलं तर चालेल" असं लिहिलंत की संपलं, प्रत्येकाचं नीटच असतं. आग लागली की धुरात माणूस भिंत चाचपत उतरतो, तेव्हा ते कपाट आडवं येतं. दारात एक पायपुसणं आणि दाराला तोरण, एवढं सोडून द्या, नाहीतर लोक नियमावरच चिडतील.

२०१४ च्या आदर्श उपविधींत १६९ क्रमांकात या अतिक्रमणाबद्दल थेट लिहिलंय: जिन्याजवळची जागा, लॉबी, मोकळी जागा, पार्किंग अशी सामाईक जागा स्वतःसाठी अडवली तर ती मोकळी करायची, आणि जितके महिने अडवली तितके महिने दरमहा मेंटेनन्सच्या पाचपट रक्कम भरायची. मेंटेनन्स महिना ३००० असेल तर महिन्याला १५,०००. हा आकडा सभेत एकदा मोठ्याने वाचला की कपाटं आपोआप आत जातात.

लिफ्टबद्दल दोनच गोष्टी. सामान चढवणं-उतरवणं कुठल्या वेळेत, आणि आतून प्लायवूड लावायची जबाबदारी कुणाची. घरकामाच्या मावशींनी किंवा डिलिव्हरीवाल्याने लिफ्ट वापरायची नाही असा नियम काही ठिकाणी दिसतो. तो लिहू नका. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे ती, आणि अकराव्या मजल्यावर भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन कोण चढणार?

### गच्ची

गच्ची सगळ्यांची असते, वरच्या मजल्यावाल्यांची नाही. तिला कुलूप असेल तर किल्ली चोवीस तास वॉचमनच्या केबिनमध्ये, खिळ्याला टांगलेली, कारण खाली आग लागली तर लोक वरही जातात. सेक्रेटरीच्या घरी किल्ली आणि सेक्रेटरी गावाला, हे चालत नाही.

रोजचा वापर आणि कार्यक्रम असे दोन भाग करा. रोजचा वापर म्हणजे फिरणं, योगा, वाळवणं, कुरडया, गोधड्या, संक्रांतीला पतंग. याला परवानगी लागू नये, फक्त वेळ. वाळवणासाठी मार्च ते मे पूर्वेकडचा कोपरा राखून ठेवा की भांडण नाही.

कार्यक्रमासाठी अर्ज, भाडं आणि परत मिळणारं डिपॉझिट. आता मुख्य गोष्ट, जी मांडववाल्याला कोणीच सांगत नाही: गच्चीत भोक पाडायचं नाही. वर लादी दिसते, पण तिच्याखाली ब्रिकबॅट कोबा आणि वॉटरप्रूफिंगचा थर असतो. मांडववाला बांबू उभा करायला पहारीने दोन इंचाचं भोक पाडतो, कार्यक्रमानंतर त्यात थोडं सिमेंट लिंपतो, सगळं छान दिसतं, आणि जुलैमध्ये वरच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये पंख्याशेजारी ओला डाग उमटतो. तोपर्यंत डिपॉझिट परत गेलेलं असतं. म्हणून नियमात लिहा की बांबू वाळूच्या ड्रममध्ये किंवा लोखंडी बेसवर उभे करायचे, पाण्याच्या पाईपला, वीजरोधकाला (लाइटनिंग अरेस्टर) आणि डिशच्या खांबाला दोरी बांधायची नाही, कठड्याला बांधायची असेल तर खाली गोणपाट. आणि कार्यक्रमाआधी व नंतर गच्चीचे फोटो, अर्जदार आणि वॉचमन दोघांसमोर. स्वयंपाकाची भट्टी गच्चीवर लावू द्यायची नाही, जेवण बाहेरून.

लाऊडस्पीकरची वेळ सोसायटीने ठरवायची गोष्टच नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ बंद, आणि निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. तुमच्या नियमात "कमिटीच्या परवानगीने १२ पर्यंत" असं लिहिलंत तर तो कागद तक्रारदाराच्याच हातात पुरावा म्हणून पडेल.

### हॉल, मैदान, मुलांचं खेळणं

हॉलचं थोडक्यात आटपा: दर, वेळ, साफसफाई, डिपॉझिट, बुकिंगचं एकच रजिस्टर. एकाच तारखेला दोन अर्ज आले तर आधी आला तो आधी, आणि गणपती, नवरात्र, सोसायटीची सभा या तारखा आधीच रोखून ठेवा.

मुलांच्या खेळाला बंदी घालू नका, वेळ आणि चेंडू ठरवा. टेनिसचा चेंडू चालेल, सीझनचा नाही. परीक्षेच्या काळात दुपारी दोन ते चार शांतता. काच फुटली तर खर्च कोणाचा हे आधीच लिहा, नाहीतर "माझा मुलगा तर बॅटिंगच करत नव्हता" हे ऐकावं लागतं. मुलांना मसुदा करताना बोलवा, ती आपल्यापेक्षा जास्त व्यवहारी असतात.

### कुत्री-मांजरं

सर्वसाधारण सभेने एकमताने ठराव केला तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, त्यांना लिफ्टमध्ये मनाई करता येत नाही, आणि वेगळा चार्जही लावता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. नियम करायचा तो घाण उचलण्याचा, पट्ट्याचा आणि लसीकरणाचा, आणि तोही विनंतीच्या भाषेत. भटक्या कुत्र्यांना खाणं घालण्याची जागा ठरवावी असं प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ म्हणतात, आणि ती जागा मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, गेटपासून लांब हवी. जागा आणि वेळ ठरवून टाका, "खायला घालू नये" असा बोर्ड लावू नका.

तपासा: मसुदा झाला की त्यातला प्रत्येक "योग्य", "आवश्यकतेनुसार", "कमिटीच्या मर्जीने" हा शब्द शोधा आणि त्या जागी वेळ, आकडा किंवा पदाचं नाव घाला. पदाचं, माणसाचं नाही. कमिटी बदलते.

## टप्पा ४: मसुदा वाटा आणि हरकती लेखी घ्या

मसुदा प्रत्येक फ्लॅटला कागदावर द्या, पोच घ्या. ग्रुपवर टाकणं वेगळं, देणं वेगळं. अर्ध्या आजी-आजोबांचा फोन नातवाकडे असतो. बाहेरगावी राहणाऱ्या मालकांना ईमेल आणि पोस्ट दोन्ही. भाडेकरूंनाही प्रत द्या, त्यांना मत नसलं तरी जागा तेच वापरतात आणि मोडणारेही बऱ्याचदा तेच ठरवले जातात.

हरकतीला पंधरा दिवस. ग्रुपवरच्या अंगठ्यांना हरकत किंवा संमती समजू नका, ती ना सभेची मतं ना अर्ज. आलेल्या प्रत्येक हरकतीसमोर "घेतली" किंवा "घेतली नाही, कारण" असं एका ओळीत लिहा. हा तक्ता सभेत वाचून दाखवला की निम्मी आरडाओरड कमी होते, कारण माणसाला आपलं ऐकलं गेलं एवढंच पुष्कळदा हवं असतं.

## टप्पा ५: सभा

इथे पाय घसरतो तो नोटिशीवरून. वार्षिक सभेला पूर्ण १४ दिवसांची नोटीस, विशेष सभेला पूर्ण ५ दिवसांची. नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस मोजायचा नाही. विषयपत्रिकेत "सामाईक जागांच्या वापराची नियमावली मंजूर करणे" असा स्वतंत्र विषय, आणि मसुदा सोबत जोडलेला. "अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय" यात नियमावली पास केली की ती कायम लंगडी राहते.

कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, आदर्श उपविधींप्रमाणे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला कमी असेल तो. अर्ध्या तासात कोरम झाला नाही तर पुढे काय, त्याच दिवशी नंतर की दुसऱ्या तारखेला, हे नोटिशीतच लिहा. प्रॉक्सी चालत नाही, मुखत्यारपत्र घेऊन आलेल्या मेव्हण्यालाही सभासदाच्या वतीने बसता येत नाही.

पूर्ण नियमावलीवर एकदम मत घेऊ नका. जागेनुसार भाग पाडा, पार्किंग वेगळं, गच्ची वेगळी. एका मुद्द्यावर अडलं तर बाकीचं पास होऊ दे. दंड सगळ्यात शेवटी.

ठराव साधारण असा लिहा:

"ठराव क्र. ४: सोबत जोडलेल्या नियमावलीतील भाग २, गच्चीचा वापर, नियम १ ते ९, आजच्या सभेत वाचून दाखवण्यात आले. नियम ६ मध्ये 'रात्री ११' ऐवजी 'रात्री १०' अशी दुरुस्ती करून सदर भाग मंजूर करण्यात येत आहे. अंमल दिनांक ... पासून. सूचक: ... अनुमोदक: ... बाजूने ... विरोधात ... तटस्थ ..."

मतांचे आकडे लिहाच. सगळे हो म्हणालेले नसताना "सर्वानुमते मंजूर" लिहायची सवय वाईट, विरोध करणारा नंतर तेवढ्यावरच तक्रार करतो आणि तो बरोबर असतो.

तपासा: इतिवृत्त सगळ्यांना गेलं का? त्यात अंमलाची तारीख आहे का? ती तारीख सभेच्या निदान महिनाभर पुढची ठेवा, लोकांना कपाटं हलवायला वेळ लागतो.

## टप्पा ६: अंमल सुरू करा, पण आधी सोय करा

जिन्याखालच्या सायकली हलवा म्हणायच्या आधी त्या कुठे लावायच्या ते सांगा. भंगार उचला म्हणायच्या आधी एक रविवार ठरवा, भंगारवाल्याला बोलवा, गेटपाशी टेम्पो उभा करा. एका दिवसात अख्खी बिल्डिंग मोकळी होते.

बोर्ड लहान करा. गच्चीच्या दारावर गच्चीचेच पाच नियम, पार्किंगमध्ये पार्किंगचे. अठ्ठावन्न नियमांचा फ्लेक्स लावला तर त्यावर फक्त कबुतरं बसतात. वॉचमनसाठी वेगळा एका पानाचा कागद, हिंदीतही, आणि त्यात त्याने काय करायचं एवढंच: लिहायचं, फोटो काढायचा, फोन करायचा. सभासदाशी हुज्जत घालायची जबाबदारी त्याच्यावर टाकू नका, त्याची नोकरी तुमच्यापेक्षा स्वस्तात जाते.

सीसीटीव्ही फुटेज कोण बघणार तेही ठरवून टाका. लेखी अर्ज, सेक्रेटरीसमोर बघणं, ग्रुपवर क्लिप टाकायची नाही.

## टप्पा ७: नियम मोडला तर

पायऱ्या चढत जायचं, उडी मारायची नाही.

1. तोंडी सांगणं, पदाधिकाऱ्याने, वॉचमनने नव्हे. तारीख डायरीत.
2. लेखी पत्र. कुठला नियम, कधी, फोटो, दुरुस्त करायची मुदत.
3. कारणे दाखवा नोटीस, कमिटीच्या ठरावानंतर.
4. सर्वसाधारण सभेत म्हणणं मांडायची संधी.
5. मग दंड.

चौथी पायरी गाळली की दंड टिकत नाही. आदर्श उपविधींत नियमभंगाचा दंड सर्वसाधारण सभेने, सभासदाचं ऐकून घेऊन लावायचा असतो आणि त्याला आर्थिक वर्षाला कमाल ५००० रुपयांची मर्यादा आहे. म्हणजे लिफ्टमधला "रु. १००० प्रति प्रसंग, कमिटीच्या आदेशावरून" हा कागद दोन्ही बाजूंनी चुकतो. वरची अतिक्रमणाची पाचपट रक्कम ही वेगळी तरतूद, दोन्ही एकत्र कालवू नका. तुमचे उपविधी जुने असतील तर आकडे तिथले घ्या.

दंड मेंटेनन्सच्या बिलात वेगळ्या ओळीत दाखवा. "इतर" मध्ये घुसडला की तो माणूस पूर्ण बिलच भरायचं थांबवतो आणि तुमची वसुली दुप्पट अडकते.

सावधान: पाणी तोडायचं नाही, लाईट तोडायची नाही, लिफ्टचं कार्ड बंद करायचं नाही, पाहुण्याला गेटवर अडवायचं नाही, नोटीस बोर्डावर नाव लावून बदनामी करायची नाही. रागाच्या भरात केलेल्या यातल्या एका गोष्टीमुळे आधीच्या सगळ्या पायऱ्यांची मेहनत वाया जाते आणि पोलीस चौकीत उत्तर देत बसावं लागतं ते कमिटीला.

तरीही ऐकत नसेल तर कुठे जायचं हे विषयावर ठरतं. सभासद आणि सोसायटीतला सामाईक जागेचा, पार्किंगचा वाद सहकार न्यायालयात, कलम ९१ खाली. कमिटी कारभारच नीट करत नाही, रजिस्टर दाखवत नाही अशी तक्रार उपनिबंधकांकडे. नकाशाविरुद्ध बांधकाम, गच्चीवर पत्रे, रेफ्यूज एरिया बंद केला, तर महापालिका. मारामारी, शिवीगाळ, रात्रीचा डीजे, तर पोलीस. चारही ठिकाणी एकच अर्ज झेरॉक्स करून टाकणारे लोक असतात, त्यांना चारही ठिकाणाहून "हा आमचा विषय नाही" असंच उत्तर येतं.

## टप्पा ८: वर्षातून एकदा उघडून बघा

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, तर ऑगस्टमध्ये नियमावली काढून बसा. कुठल्या नियमाची वर्षभरात एकही नोंद नाही, कुठल्याच्या नोंदी सगळ्यात जास्त, ते रजिस्टरवरून दिसतं. नोंदी जास्त म्हणजे लोक वाईट असं नसतं, बऱ्याचदा जागाच कमी पडत असते, आणि तिथे दंड वाढवण्यापेक्षा दुचाकीचा स्टँड बसवणं स्वस्त पडतं.

पार्किंगच्या चिठ्ठ्याही याच सुमारास उरकून घ्या. आणि कमिटी बदलली तर नव्या सेक्रेटरीला चार्ज देताना यादीत हे लिहून सही घ्या: मंजूर नकाशा, नियमावलीची ठरावासह प्रत, पाहणीची वही, पार्किंग रजिस्टर, बुकिंग रजिस्टर, डिपॉझिटचा हिशोब, आणि गच्चीची दुसरी किल्ली.